फणसाचा चीक आणि महिन्याचं रॉकेल

आमच्या घरात एक जुनी थट्टा आहे. लग्नकार्यात नातेवाईक जमले की माझी बहीण ती काढतेच: वहिनीच्या हाती रॉकेलचा डबा दिला की महिना विसाव्या तारखेलाच संपतो. सगळे हसतात, बायकोही हसते. ती थट्टा मी सुरू केली होती आणि ती खोटी आहे.

नव्वदच्या आसपास मी पनवेलला वायरमन होतो, अजून कायम झालेलो नव्हतो. उन्हाळ्याच्या शेवटी तारांना लागणाऱ्या फांद्या तोडायला आम्हाला चिरनेरपर्यंत पाठवत. फणसाची फांदी तोडली की चीक अंगावर गळायचा आणि खाकीवर धूळ धरून काळा पडायचा. आमचे साहेब कळकट कपड्यांतल्या माणसाला कामावर न घेता परत पाठवत. माझा गणवेश मात्र रोज सकाळी खुंटीवर स्वच्छ असे. कसा, ते मी कधी विचारलं नाही.

गॅसचा नंबर लागायचा होता. स्वयंपाक स्टोव्हवर, रॉकेल रेशनचं, आणि त्या दिवसांत ते हमखास लवकर संपे. मग बायको वखारीतून भुसा आणून चाळीमागे शेगडी पेटवी. धुराने तिचे डोळे सुजत आणि वर मीच चिडत असे. शेजारणींना रॉकेल वाटतेस, असं तिला म्हणालो. बहिणीलाही तेच सांगितलं.

एका दुपारी विसरलेले हातमोजे न्यायला घरी आलो. चाळीमागच्या दगडावर ती माझी पँट घेऊन बसली होती. खोबरेल चोळून सैल केलेला चीक तिने बोथट सुरीने खरवडला होता. आता रॉकेलात फडकं भिजवून ती उरलेला डाग पुसत होती. कालचा शर्ट वास जावा म्हणून उन्हात टाकलेला.

"सगळं रॉकेल यातच जातं?" मी विचारलं.

"नुसत्या साबणाने चीक हलत नाही. तुम्ही एकदा कायम व्हा, मग बघू."

मी कायम झालो. पुढे गॅसही आला. थट्टा तेवढी राहिली. ती थांबवायला माझं एक वाक्य पुरलं असतं, पण बहिणीपुढे मी खोटा पडलो असतो. म्हणून इतकी वर्षं मीही हसत आलो. आज पेन्शनवर सुखाने जेवतो, त्या अन्नात तिने डोळ्यांत घेतलेला तो धूर आहे. हे बहिणीला वाचून दाखवायचं ठरवलं आहे.

आधी बायकोला दाखवलं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि कागद परत दिला.

"खोबरेल कुठलं? रेशनचं पामतेल होतं ते. खोबरेल तुमच्या डोक्याला लागायचं."