मावशीचं कार्ड

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझ्यासारख्याने लिहावं का, हेही कळत नाही. चुकलं तर माफ करा. पण हे माझ्या हातून घडलंय.

पवनानगरजवळच्या रिसॉर्टचं स्वयंपाकघर. मावशीने दाराच्या मशीनला कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. लाल. मॅनेजर सर सगळ्यांसमोर हसले. "अहो बाई, मशीनलाही कळतं, कोणाला आत घ्यायचं ते!"

रिसॉर्टचे कॉम्प्युटर सांभाळणारा मी शेजारीच उभा. मावशी, माझ्या आईची सख्खी बहीण, माझ्याकडे वळली.

"साहेब, माजं कार्ड चालंना. बगता का जरा?"

साहेब! माझी नोकरी जाऊ नये म्हणून तिने ओळखच दाखवली नाही.

तो दिवा मीच लाल केला होता. मशीनची एक फाइल असते. तीत प्रत्येक कामगाराची नोंद. नाव, पत्ता, कुठली दारं उघडायची. आदल्या दिवशी सर म्हणाले होते, "पाहुण्यांची पूजा आहे, सोवळ्यातला स्वयंपाक. बौद्धवस्तीतले किचनमधून उडव." मी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम. पत्त्यात वस्ती दिसली की नोंद काढ. त्यात मावशी असणार, हे मला माहीत होतं. तरी चालवली.

"शाब्बास!" सर म्हणाले. "शेवटी आपला माणूस तो आपला माणूस."

माझी नोंद राहिली. मी त्याच वस्तीतला. पण नोकरी घेताना पत्ता दिला होता लोणावळ्यातल्या मित्राच्या खोलीचा.

मावशी बाहेर नळावर भांडी घासायला बसली. मला ते बघवेना. ऑफिसात गेलो. जुन्या प्रतीवरून सगळ्या नोंदी परत घातल्या. माझा पत्ता बदलला. बौद्धवस्ती. मग सरांसमोर उभा राहिलो. 

"बाहेर भांडी घासतात, त्या बाईंचा मी भाचा. हे काम मी करणार नाही."

"आधी सांगायचंस ना," सर म्हणाले. "तुझं एकट्याचं कार्ड ठेवलं असतं."

मी तिथून निघालो.

घरी मावशी एवढंच म्हणाली, "पत्ता लपवलास ते मला म्हाईत व्हतं. शिकतंय पोरगं, म्हनून गप बसले."

काल तिचा फोन आला. "परत लाल झालं रं. तू लिवलेलं ते नव्या पोरानं चालवलं म्हनं."

नोंदी मी परत घातल्या. स्क्रिप्ट तिथेच विसरलो. या वेळी त्या स्क्रिप्टने माझी नोंदही उडवली.

त्या स्क्रिप्टची प्रत माझ्याकडे आहे. ती घेऊन आज वडगावला पोलिसांत तक्रार द्यायला चाललोय. त्यात दोषी म्हणून पहिलं नाव माझं. स्क्रिप्ट लिहिणारा मीच. पत्ता वस्तीचा.