लिफाफ्यातला दुसरा फोटो

यूसुफभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी जालन्याहून भोकरदनला येणाऱ्या बसमध्ये होतो. फोन ठेवला आणि मनात पहिला विचार आला तो असा : आता हा माणूस कधीच कबूल करणार नाही... पंचवीस वर्षांची ओळख, आणि डोळ्यांत पाणी नाही. त्याला महिना होत आला. म्हणून आता लिहितो.

बसस्थानकाच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ. मी शिकवतो त्या शाळेतल्या प्रत्येक वर्गाचे फोटो त्यांनीच काढले. त्यांची एक रीत होती. गिऱ्हाईक सांगेल तसा चेहरा ते संगणकावर उजळून, डाग काढून देत. पण लिफाफ्यात दुसरा, हात न लावलेला फोटोही घालत. "घरात एक तरी खरा फोटो असावा, सर," म्हणायचे. माझ्या मुलीच्या, प्रज्ञाच्या स्थळासाठी फोटो काढला तेव्हा मी स्टुडिओचं दार लोटून घेतलं. तिच्या कानाखाली कोडाचा रुपयाएवढा डाग आहे. तो काढा म्हणालो. त्यांनी माऊसवरचा हात काढला. मग म्हणाले, "फोटोतून निघंल सर. पोरीच्या मानेवरून कसा निघंल?" "तुम्ही फोटोचं बघा," मी म्हणालो. त्यांनी काढला. लिफाफ्यातला दुसरा फोटो मी घरी येऊन फाडला.

स्थळ कुंभार पिंपळगावचं होतं. बघायला आले तेव्हा प्रज्ञाच्या आईनं तिचे केस बरोबर कानावर घेतले. पसंती आली. साखरपुड्याच्या चार दिवस आधी मुलाच्या वडिलांचा फोन : "आमच्यापासून लपवलं ते लपवलं, फोटोतसुद्धा पुसलंत?" ठरलेलं मोडलं. फोटोतलं पुसणं घराबाहेर एकालाच माहीत होतं. शिवाय कुंभार पिंपळगाव ही यूसुफभाईंची सासुरवाडी, आणि त्याच आठवड्यात ते तिकडं गेल्ते. मला आणखी काय पाहिजे होतं?

मी विचारलं नाही. कुणाला बोललोही नाही. फक्त स्टुडिओची पायरी सोडली. ईदला ते शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले तर मी आतल्या खोलीत पडून राहिलो. बाहेरून आवाज आला, "सर झोपलेत तर राहू द्या वहिनी, उठवू नका." मला वाटलं, अंदाज घ्यायला आलाय. मला कितपत कळलंय ते बघायला.

गेल्या वर्षी मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाला ते कॅमेरा घेऊन आल्ते. एका सहकाऱ्यानं माझा फोन घेतला आणि त्यांना ओढून माझ्या शेजारी उभं केलं. "सगळ्यांचे काढता, आज तुम्हीबी या!" त्या फोटोत मी समोर बघून हसतोय. ते मात्र तोंड फिरवून, खाली बघतायत. हा फोटो मी कितीदा मोठा करून पाहिला असेल... अपराधी माणूस असाच दिसतो, असं स्वतःला सांगत.

ते गेल्यावर काही दिवसांनी त्यांच्या पत्नीचा, रेहानाभाभींचा फोन आला. "सरजी, साऱ्या गावाचे फोटो निकाले, अपना एकबी ढंग का न्हाई. आपके पास है क्या?" माझ्याकडं तो एकच होता. रविवारी प्रज्ञा घरी आल्ती. ती जालन्यात नोकरी करते. तिनं फोटोवर बोट दाबून धरलं आणि फोटो हलला. मी दचकलोच. "हलता फोटो आहे बाबा. बटण दाबायच्या आधीचे एकदोन क्षणही फोन ठेवून देतो. त्यातून चांगला चेहरा काढू." ती फोटोखालची पट्टी सावकाश मागं सरकवू लागली.

यूसुफभाईंनी मान वर केली. माझ्याकडं बघून हसले. त्यांचा हात माझ्या खांद्याकडं आला... आणि मी, कॅमेऱ्यावरची नजर न हलवता, खांदा काढून घेतला. हात खाली गेला. मग मान खाली गेली. मग फोटो निघाला.

"तुम्ही असं का केलं?" प्रज्ञानं विचारलं.

"यानंच त्या लोकांना सांगितलं," मी म्हणालो. "फोटोचं."

तिनं फोन खाली ठेवला. "यूसुफचाचांनी? बाबा, मी सांगितलं. मुलाला फोन करून मीच. लग्नानंतर रोज केस सावरत बसू का?"

"मला बोलली न्हाईस..."

"तुम्ही विचारलं कधी?"

मी घाईघाईनं पडद्याचा स्क्रीनशॉट काढला. मोठा केला तर चेहरा विरघळला. "तसं नका करू," तिनं फोन घेतला. हात वर आलेला आणि माझा खांदा बाजूला होत असलेला, त्या जागी पट्टी थांबवली, उच्च दर्जात जतन करायचं बटण शोधलं. चेहरा साफ आला. भुवईतले पांढरे केससुद्धा.

दुसऱ्या दिवशी लिफाफा घेऊन स्टुडिओत भाभींकडं गेलो. त्यात एक फोटो नुसत्या चेहऱ्याचा, कापून मोठा केलेला; दुसरा अख्खा, हात न लावलेला. भाभींनी दुसरा बराच वेळ पाहिला. यांना सगळं माहीत असेल का, हा संशय तेव्हाही आलाच मनात. जात नाही तो. "ये हाथ किधर जा रहा था?" त्यांनी विचारलं. मी काउंटरपाशी बसलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चेहऱ्याचा फोटो स्वतःजवळ ठेवला. दुसरा लिफाफ्यात घालून माझ्यापुढं सरकवला.

"ये आपके घर में रखो, सरजी."

तो आता आमच्या बाहेरच्या खोलीत लावलाय. येणारे-जाणारे विचारतात, सर, तुम्ही असे बाजूला का सरकलात? मी त्यांना बसायला सांगतो, आणि सगळं सांगतो.