अकरा नंबरची फिल्म

त्याला सगळे ‘परतद्या’ म्हणत. तोंडावर काका, पाठीमागे परतद्या. हॉस्पिटलच्या एक्स-रे खोलीत अख्खी नोकरी काढलेला हा माणूस कुणाच्याही दारात उभा राहिला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, “मी दिलेली काळी फिल्म असेल, तर परत द्या.” लोकांना वाटे, याचा एखादा स्क्रू ढिला आहे. स्क्रू जागेवर होता. टोचणी मात्र होती, आणि ती एकतीस वर्षांची होती.

एकतीस वर्षांपूर्वी तो नोकरीत नवा होता आणि नव्या माणसाला असते तेवढी अक्कल त्याला होती. सूर्यग्रहण जवळ आलं, तेव्हा त्याने रद्दीत निघालेले छातीचे एक्स-रे घेतले, त्यांतला काळाकुट्ट भाग कापला आणि छत्तीस पट्ट्या केल्या. एक्स-रे खोलीतून नोंद न करता कागदाचा कपटाही बाहेर जात नाही. त्याच सवयीने त्याने प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईने नंबर घातला आणि कुणाला कुठली दिली ते वहीत लिहिलं. देताना प्रत्येकाला बजावलं, “वीस आकडे मोजायचे, मग नजर काढायची.” एक नंबरची पट्टी धाकट्या बहिणीला दिली.

दुसऱ्या दिवशी बहीण पेपर वाचताना म्हणाली, “दादा, प्रत्येक शब्दातलं मधलं अक्षर गेलंय.” उजव्या डोळ्याने कुठेही बघितलं की मध्ये एक करडा ठिपका. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की डोळ्यामागचा पडदा भाजलाय, हे आता असंच राहणार. फिल्ममुळे उजेड सुसह्य होतो, पण न दिसणारी किरणं आरपार जातात. पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळे भाजताना माणसाला पत्ताही लागत नाही.

त्या दिवसापासून तो वही घेऊन दारोदार फिरला. एक नंबर आधी घरीच कापून टाकली होती. बाकीच्या त्याने एकेक करून मिळवल्या. कुणी हसत दिल्या, कुणी शिव्या देऊन दिल्या, एकाने तर माळा उपसायला लावला. जी मिळेल तिच्यासमोर तो वहीत बरोबरची खूण करी. पगारातून दुर्बीण घेतली, सूर्यासाठीचा खास फिल्टर घेतला, आणि प्रत्येक ग्रहणाला शाळेच्या मैदानात टेबल मांडून लोकांना नीट बघायला शिकवू लागला. वहीत शेवटी दोनच ओळी खुणेवाचून राहिल्या. एक नंबरची, जिच्यासमोर खूण करायला त्याचा हात धजत नव्हता. आणि अकरा नंबरची. ती तेव्हा त्याच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मास्तरांना दिली होती. मास्तर घर सोडून कुठे गेले ते कुणाला ठाऊक नव्हतं. हयात असतील की नाही, याचीही त्याला शंका होती.

यंदाचं ग्रहण सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी लागणार होतं. साडेनऊलाच मैदानात दोनशे माणसं जमली. बहीण नेहमीसारखी टेबलामागे बसली होती. ग्रहणाचा प्रत्येक चष्मा विजेच्या दिव्यासमोर धरायचा, डाव्या डोळ्याने छिद्र किंवा ओरखडा आहे का ते बघायचं, मगच द्यायचा, हे तिचं काम. दुर्बिणीजवळ मात्र ती कधी जात नसे. तो जाऊच देत नसे. सूर्य आणि बहीण यांच्यामध्ये आपण उभं राहायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. तिला हे कळत होतं आणि ती गप्प राहत होती.

दहा वाजून वीस मिनिटं झाली. सूर्याच्या कडेला लहानसा घास पडला होता. स्कूटरवरून आलेली एक बाई टेबलाशी थांबली. बहिणीने चष्मा पुढे केला, तर ती म्हणाली, “चष्मा नको हो, मी फक्त दुर्बिणीतून बघते आणि निघते. घरी फिल्म आहे. सासऱ्यांनी कधीची जपून ठेवलीय, हॉस्पिटलातल्या माणसाने दिलेली. तिन्ही मुलं गच्चीवर त्यातूनच बघतायत.”

बहिणीचा हात थांबला. “तिच्यावर काही लिहिलंय का?”

“कोपऱ्यात पांढरं अकरा आहे. का हो?”

दुर्बिणीशी उभ्या असलेल्या परतद्याने ते ऐकलं आणि तो दोन ढांगांत टेबलाशी आला.

“फोन लावा,” तो म्हणाला. “आत्ताच्या आत्ता लावा.”

तिने लावला. वाजून वाजून बंद झाला. “घरात राहिला असेल. सासऱ्यांना ऐकू कमी येतं, आणि मुलं तर वर.” बाईचा आवाज आता बारीक झाला होता. “काका, काय झालं?”

“तुमच्या स्कूटरवर मला घ्या. वाटेत सांगतो.”

एवढं बोलला आणि थबकला. दुर्बिणीसमोर चाळीस जणांची रांग होती. मोठ्या दुर्बिणीवरच्या बिनफिल्टरच्या छोट्या शोधक दुर्बिणीचं टोपण कुणी उघडलं किंवा वाऱ्याने फिल्टरची चिकटपट्टी सुटली, आणि त्याच क्षणी कुणी डोळा लावला, तर खेळ खलास. बंद करून जावं, तर तेवढीही सवड नव्हती, आणि रांगेतले लोक नुसत्या डोळ्यांनी वर बघत बसले असते. तिकडे तीन मुलं, इकडे चाळीस माणसं.

बहीण उठली. “तू जा. मी थांबते तिथे.”

“तू नाही.”

“दादा, सगळ्या ग्रहणांना ऐकत आलेय मी तुझं. आधी टोपण, मग चिकटपट्ट्या, मग डोळा. जा म्हणते ना.”

तो गेला. स्कूटरवर मागे बसून त्याने आयुष्यात पहिल्यांदा देवाला आणि सिग्नलला एकाच वेळी विनवण्या केल्या. सिग्नलने ऐकलं नाही. चार मजल्यांचा जिना तो गुडघ्यांचा विचार न करता चढला.

गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, खुर्चीत मास्तर बसले होते. केस पार पांढरे, पण चेहरा तोच. समोर धाकटी नात एक डोळा मिटून, काळी पट्टी डोळ्यासमोर धरून सूर्याकडे तोंड करून उभी होती. मास्तर बोटांवर मोजत होते, “चौदा, पंधरा...”

त्याने पट्टी हिसकावून घेतली. मुलगी भेदरून रडायलाच लागली.

“अरे, कोण तू?” मास्तर उठू लागले. मग त्यांनी निरखून बघितलं. “एक्स-रेवाला ना तू? अरे, तुझीच आहे ती. बघ कशी ठेवलीय, एक ओरखडा नाही. तू सांगितल्याप्रमाणे वीसच मोजतोय, एकविसावा नाही.”

यापेक्षा त्यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

“सर, माझं चुकलं होतं,” तो म्हणाला. दम लागला होता म्हणून मोठ्याने म्हणावं लागलं, आणि ऐकू यावं म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. “मी तेव्हा चुकीचं सांगितलं होतं. किती वेळा बघितलं मुलांनी?”

मास्तर आठवून म्हणाले, “थोरलीने दोनदा. मधल्याने दोनदा. हिची पहिलीच पाळी.”

त्याने तिघांना टाकीवरची अक्षरं एकेका डोळ्याने वाचायला लावली. वाचली त्यांनी. पण त्याला माहीत होतं, याला काही अर्थ नाही. बहिणीलाही त्या दिवशी सगळं दिसत होतं. जे जायचं ते दुसऱ्या दिवशी गेलं होतं. खिशातले तीन चष्मे त्याने मुलांना दिले आणि पट्टी घेऊन परत निघाला. अकरा नंबर मिळाल्यावर किती हलकं वाटेल, याची स्वप्नं त्याने इतकी वर्षं बघितली होती. आता ती हातात होती, आणि डोक्यात फक्त उद्याची सकाळ होती.

मैदानात रांग शिस्तीत सरकत होती. बहीण दर माणसामागे टोपण चाचपत होती, फिल्टरच्या चारही चिकटपट्ट्यांवरून बोट फिरवत होती, मग म्हणत होती, “या, आता बघा.” त्याने पट्टी टेबलावर ठेवली आणि तिच्याजवळ जाऊन हळूच सांगितलं, “तिघांनी बघितलं. धाकटीने पंधरा आकडे. म्हणजे जवळपास तू बघितलंस तेवढंच. दोघांनी तर दुप्पट.”

बहिणीने त्याच्याकडे बघितलं. मग पुढच्या माणसाला म्हणाली, “जरा एक मिनिट हं,” आणि भावाला बाजूला घेतलं.

“मी वीस नव्हते मोजले, दादा.”

“म्हणजे?”

“तू पट्ट्या वाटायला खाली गेलास. मी गच्चीवरच बसले. ग्रहण सुटेपर्यंत बघत होते. छान दिसत होतं.” तिने पदराशी चाळा केला. “संध्याकाळी आईने विचारलं, वीसच ना? तू समोर उभा होतास. मी हो म्हणून गेले. मग ते हो मागे घ्यायला जमलंच नाही. दर वर्षी जास्तच अवघड झालं.”

त्याला आधी काही कळेना. मग कळलं, आणि इतका राग आला की कान गरम झाले. एकतीस वर्षं तो स्वतःला ‘वीस’ या एका आकड्यावर टांगून बसला होता.

“वीसही चूकच होते,” तो म्हणाला. “फिल्मच चूक होती.”

“होती. पण त्या मुलांची आशा आहे, एवढंच सांगतेय.”

“मी तुझ्यावर चिडणार आहे.”

“चीड.”

“आत्ता नाही. आधी रांग.”

ती रांग ग्रहण सुटेपर्यंत दोघांनी मिळून ओढली. रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी आठला दोघं मास्तरांच्या घरी पोहोचली, हातात वर्तमानपत्र. तपासायला बहीण बसली. काय नाहीसं होतं, ते तिथे फक्त तिलाच माहीत होतं. “एक डोळा झाक. या अक्षराकडेच बघ. मध्ये काही पुसल्यासारखं दिसतं? ओळ कुठे वाकडी होते?” थोरलीने दोन्ही डोळ्यांनी धडाधड वाचलं. मधल्यानेही. धाकटीने डावा डोळा झाकला आणि उजव्याने वाचता वाचता एका शब्दावर अडली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते.

“काय झालं गं?” बहिणीने विचारलं. “मधलं दिसत नाही?”

“दिसतं,” मुलगी म्हणाली. “पण एवढं मोठं जोडाक्षर आम्हाला अजून शिकवलंच नाहीये.”

जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर तो पायरीवरच बसला आणि लहान मुलासारखा रडला. बहीण शेजारी बसून राहिली. बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसलं, पिशवीतून वही काढली आणि अकरासमोर खूण केली. मग पान उलटून पहिल्या ओळीवर आला आणि पेन तिच्या हातात दिलं.

“हिच्यासमोर तू कर.”

तिने उजवा डोळा मिटला, वही जवळ घेतली आणि खूण केली.

“आता चिडतोस?” तिने विचारलं.

“खाली उतरल्यावर,” तो म्हणाला.