जेवलेल्या मुलांचा पुरावा

बी.कॉम. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती एका सीएच्या ऑफिसात. साहेब पनवेलचे, पण महाडला त्यांनी एक गाळा भाड्याने घेतला होता. तिथं आम्ही तिघं बसायचो. त्या वर्षी ऑफिसला शाळांच्या पोषण आहाराचे हिशेब तपासायचं काम मिळालं. तांदूळ सरकारकडून येतो. भाजी, तेल, मसाला, सरपण यांचा खर्च मात्र शाळा आधी करते आणि मग बिलं लावून तो मागून घेते. मागून घेतलेल्या पैशांमागे खरोखर बिलं आहेत का, एवढंच आम्ही पाहायचं. आणि पाहायची होती ती पुराच्या आधीची वर्षं.

पूर म्हणजे कुठला, हे महाडमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याही घराचा तळमजला पाण्याखाली होता. माझी दहावीची गुणपत्रिका आईनं इस्त्री फिरवून वाळवली, तरी ती वाचता येईना, म्हणून बोर्डाकडून दुसरी काढून आणावी लागली. त्यामुळे शाळांची यादी हातात आली तेव्हा मी साहेबांना आधी हेच विचारलं, "सर, नदीकाठच्या शाळांकडे बिलं उरली असतील का?"

"पंचनामा झालाय ना पुराचा? पंचनाम्याची प्रत लावली की काम झालं," साहेब फोनवर म्हणाले. मला हायसं वाटलं.

पोलादपूरला एका शाळेच्या हॉलमध्ये आमचं टेबल मांडलं होतं. मुख्याध्यापक फायली मांडीवर घेऊन आपल्या नंबराची वाट बघत बसायचे. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी एक गुरुजी आले. निवृत्तीला आलेले, पांढरा शर्ट, हातात फाईल नाही, तांदळाची जुनी गोणी. पुढची खुर्ची ओढायच्या आधी त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, म्हणजे माझं टेबल मळू नये, आणि गोणीतून मातीच्या विटेसारखा एक गठ्ठा काढून त्यावर ठेवला.

"ही बिलं," ते म्हणाले.

आता ते पोलादपूरच्या डोंगरातल्या शाळेवर होते, पण पुराच्या वेळी दासगावच्या पुढं, सावित्रीच्या काठावरच्या एका गावात मुख्याध्यापक होते. आमचा हिशेब त्या शाळेचा होता. मी पट्टीनं वरचा कागद सोडवायला गेले तर त्याचा भुगा झाला. त्याखालच्या कागदावर किराणा दुकानाचा अर्धा शिक्का दिसत होता. रक्कम नव्हती, तारीख नव्हती.

"काळजी करू नका सर, पंचनामा द्या," मी म्हटलं.

त्यांनी प्रत काढली. मी वाचली. संरक्षक भिंत, संगणक, बाकं, स्वयंपाकाची भांडी, तांदळाची भिजलेली पोती. शाळेच्या कागदपत्रांना सरकारी भाषेत दप्तर म्हणतात. दप्तराचं नाव त्यात कुठंच नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

गुरुजी माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "मॅडम, तलाठी भाऊसाहेब आले तेव्हा गुडघाभर गाळ होता. त्यांनी विचारलं, काय काय गेलं? मी डोळ्यांसमोर दिसलं ते सांगितलं. माणसं कुठं आहेत याचा पत्ता नव्हता, तिथं कागद कुणाच्या मनात येतो?"

तपासणीच्या नमुन्यात मला दोनच रकाने होते, बिल उपलब्ध किंवा अनुपलब्ध. तिसरा रकाना नव्हता. मी त्या दिवशी काहीच भरलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी सुट्टी काढून त्या गावाला गेले. तसं कुणी सांगितलं नव्हतं. पण काहीतरी सापडेल असं वाटत होतं. किराणावाल्यानं हात जोडले. "ताई, माझी चोपडी आन् माझं दुकान एकाच पाण्यात गेलं." बँकेचा उतारा मिळाला, त्यात पैसे कधी काढले ते होतं, कशाला काढले ते नव्हतं. तलाठी बदलून गेले होते आणि नवीन तलाठी सज्जन माणूस होता. त्यानं मला चहा पाजला आणि विचारलं, "दुसऱ्यानं केलेल्या पंचनाम्यात मी आता शब्द कसा घालू? उद्या तुम्हीच मला पकडाल." त्याचं बरोबर होतं.

शाळेच्या मागं थोड्या उंचावर स्वयंपाकवाल्या मावशी राहायच्या. गुरुजींच्या वेळी त्याच खिचडी शिजवायच्या, अजूनही त्याच शिजवत होत्या. मी कशाला आले ते सांगितलं तर आधी त्यांना कळेना. मग कळलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"म्हंजे पोरां जेवली नाय, असा म्हनतात?"

"तसं नाही मावशी. जेवली याचा कागद नाही, असं म्हणतात."

"अगो, पण मी रांधून वाढलंय ना! त्यातली दोन पोरां एमआयडीसीत कामाला हायत, एक पोरगी बोरिवलीला दिली. हाक मारू त्यांना? पोटात काय गेला ता आता काढून दाखवायचा काय?" आवाज चढला तशा त्या थांबल्या. "तुला नाय गो बोलत. तू लेकरू हायस. गुरजीनला काय करतील?"

त्यांनी मला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. मी खाली मान घालून जेवले.

गुरुजींनी मग गावातल्या पालकांच्या सह्यांचं एक निवेदन आणून दिलं, आमची मुलं शाळेत रोज जेवत होती म्हणून. काहींच्या सह्या, काहींचे अंगठे. मी ते टिपणीला जोडलं आणि साहेब महाडला आले तेव्हा त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, हे मी सांगायला हवं. घाईत बाजूला सारलं नाही.

"तू जाऊन आलीस?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"मुलं जेवत होती, अशी तुझी खात्री आहे?"

"हो."

"माझीही आहे." त्यांनी चष्मा काढला. "पण आपली सही खात्रीवर होत नाही. याला सूट दिली, तर जिथं खरंच कुणी तेल विकून खाल्लंय, तोही हेच निवेदन आणेल. तेव्हा काय करशील?"

अनुपलब्ध या रकान्यात मीच खूण केली. संगणकावर खाली आपोआप उमटलं, 'वसूलपात्र', म्हणजे ही रक्कम मुख्याध्यापकांकडून परत घ्यायची.

जिल्ह्याला अहवाल गेला. गुरुजींनी खुलासा पाठवला, त्यावर पुन्हा पुरावा मागवण्यात आला. तेवढ्यात ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनाची फाईल पुढं सरकायला कसलीही वसुली बाकी नाही असा दाखला लागतो, आणि तो त्यांना कुणी देईना. अधूनमधून त्यांचा फोन यायचा. कधी तक्रार नाही. "मॅडम, वरून काही कळलं का?" मी म्हणायची, "नाही सर." नंतर फोन यायचे बंद झाले.

ते का बंद झाले ते बँकेत पैसे भरल्याचं चलन ऑफिसात आल्यावर समजलं. त्यांनी सगळी रक्कम स्वतःच्या खिशातून भरून टाकली होती. आमच्या त्या वर्षीच्या अहवालात ती 'वसुली झाली' या सदरात गेली आणि साहेबांना वरून शाबासकी मिळाली. आम्हा तिघांना त्यांनी पेढे दिले. मी माझा पेढा कागदात गुंडाळून घरी नेला आणि आईला दिला.

त्यानंतर गुरुजी मला एकदाच भेटले, वीर स्टेशनवर. मी पनवेलला ऑफिसच्या कामासाठी निघाले होते, ते आणि त्यांची बायको मुलाकडे मुंबईला. मला वाटलं, न बघितल्यासारखं करतील. उलट तेच बाकावर सरकले आणि मला जागा दिली. बायकोशी ओळख करून दिली, "या हिशेबाच्या मॅडम. यांनी खूप धावपळ केली."

मी म्हटलं, "सर, तुम्ही पैसे भरायला नको होते. अपील करता आलं असतं."

"किती वर्षं?" ते म्हणाले. "हिचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. पेन्शन सुरू व्हायला हवी होती. झाली."

त्यांच्या बायकोनं पदर सावरला आणि त्यांच्याकडे न बघता मला सांगितलं, "पैशांचं काही नाही हो. ते गेले. पण गावात आता म्हणतात, भरले म्हणजे खाल्लेच असणार. त्या शाळेतली मुलं लग्नाच्या पत्रिका घेऊन घरी यायची पूर्वी. यांना आता त्या बाजूला जाववत नाही."

"असू दे," गुरुजी म्हणाले.

माझ्या साहेबांचं बरोबर होतं, तलाठ्याचं बरोबर होतं, आणि तरी हे असं झालं होतं. गाडीची घोषणा झाली. गुरुजींनी दोन्ही पिशव्या एका हातात घेतल्या, दुसरा हात बायकोला दिला आणि तिच्या गुडघ्याला जपत, हळूहळू पुढच्या डब्याकडे चालू लागले. मी मागच्या डब्यात चढले.