प्रवेशासाठी गृहभेट

आमच्या समाजकार्य महाविद्यालयात हल्ली जागा भरता भरत नाहीत. त्यामुळे बारावीचा निकाल लागला की आम्ही प्राध्यापक मंडळी गावोगाव विद्यार्थी शोधत हिंडतो. स्थळं जुळवणाऱ्यांचं बरं, त्यांना निदान मान तरी मिळतो.

यंदा मी हरसूलजवळच्या एका पाड्यावर गेले होते. तिथल्या एका मुलीला आमच्याकडे यायचं होतं, पण वडील काही हो म्हणत नव्हते. त्यांचं मन वळवायचं, एवढंच माझं काम. पण घरी जाऊन माणसांची विचारपूस कशी करायची, हे मुलांना शिकवण्यात माझा जन्म गेला. ओट्यावर टेकले आणि सवयीनं वही काढून विचारत सुटले. घरात माणसं किती, भात किती होतो, द्राक्षांच्या छाटणीला कोण कोण जातं. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं नीट सांगितलं. मग म्हणाले, "आता मी इचारू का, मॅडम?"

त्यांनीही घरच्या माणसांपासूनच सुरुवात केली. माझीही मुलगी यंदाच बारावी झाली, हे मी कौतुकानं सांगून बसले.

"मंग ती तुमच्याच कॉलेजात ना?"

खोटं बोलवेना. तिचा फार्मसीचा फॉर्म भरलाय, म्हटलं. का, तेही सांगितलं. आमच्याकडे शिकून काम मिळतं, पण बरंचसं प्रकल्पावरचं. प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. सांगताना ओशाळले. वाटलं, हातची मुलगी गेली.

ते रागावले नाहीत. मुलीला आतून बोलावलं आणि मला म्हणाले, "तुमच्या पोरीला जे सांगितलं, ते हिला बी सांगा. मंग तिचं ती ठरवल."

मी सांगितलं. चांगलंही सांगितलं. दवाखान्यात घाबरून गप्प बसलेली बाई आपल्यापाशी बोलती होते, ते सुख मला आजही पुरतं, म्हटलं. मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि यायचंय म्हणाली. वडिलांनी नुसती मान डोलावली. त्या माणसाबद्दल मला फार माया वाटली.

परतीच्या बसमध्ये मात्र लक्षात आलं. माझ्या मुलीला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. फॉर्म परस्पर भरून टाकला होता. शहराच्या वेशीवरचं सातपूर आलं तसा तिला फोन लावला आणि विचारलं, तुला काय शिकायचंय?



"आई, आत्ता विचारतेस?"