दीदी कट

प्रज्ञा माझी बहीण नव्हती.

आज तिले जाऊन एक वर्ष झालं. हे एवढं एक वाक्य लिहायले मले ते पूर्ण वर्ष लागलं.

रायपूरले तेलीबांध्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यायले वाटे आम्ही सख्ख्या बहिणी. घरमालकीण म्हणायची, "दोनों बहनें बड़ी सीधी हैं."
दोघींत सीधी कोणीच नव्हती. पण आम्ही मान हलवून मोकळ्या व्हायचो. नऊ वर्षं हलवली.

रायपुरात दीदी म्हणायले काही लागत नाही. भाजीवाली दीदी, बँकेतली दीदी. दोन बाया सोबत राहत असल्या की एकीले दीदी म्हणा, विषय संपला.

आमची ओळख झाली लेडीज होस्टेलच्या टीव्हीसमोर.
रविवारी दुपारी एक परदेशी सिरीयल लागायची, हिंदीत डब केलेली. एक खटारा अंतराळयान. एक बाई कॅप्टन, एक बाई इंजिनिअर. बाकीच्या पोरी उठून जात. उरायचो आम्ही दोघी. मी इन्शुरन्सच्या ऑफिसात, प्रज्ञा सिलतऱ्याच्या एका प्लांटमध्ये केमिस्ट.

ती इंजिनिअर वाक्यावाक्याले "दीदी" म्हणायची. दीदी, इंजन गरम हो रहा है. दीदी, आप मत जाइए.

एक दिवस प्रज्ञा म्हणाली, "ह्या बहिणी नाही आहेत."
"मंग कोण?"
"नीट पाह्य ना. बहिणीकडे असं पाहते का कोणी?"

मी नीट टीव्हीकडेच पाहत बसली. ती माझ्याकडे पाहून राहिली होती हे मले चांगलं माहीत होतं.

पुढं आम्ही घर घेतलं भाड्यानं, आणि प्रज्ञानं कुठून तरी ओरिजिनल एपिसोड मिळवले. त्यात दीदी नव्हतीच. एकदाही नाही. हिंदी डबिंगवाल्यांनी आपल्या मनानं घातली होती.

मी वाद घातला. "अगं पण लिहिणाऱ्यानं तुझ्या मनातलं बी नसेल लिहिलं."
"नसेल," ती म्हणाली. "पण दीदी तरी कुठं लिहिली होती?"
 

मग तिनं ठरवलं, आपण मराठीत डब करायचं. आपल्या मराठीत. कॅप्टन प्रज्ञा, इंजिनिअर मी.

मे महिन्यात, कूलर बंद करून, डोक्यावरून रजई घेऊन. कूलरचा आवाज येते ना रेकॉर्डिंगमध्ये. घामानं नुसत्या न्हाऊन निघायचो. यानाचं दार उघडायचा आवाज म्हणजे आमच्या कुकरची शिट्टी.

"कॅप्टन, इंजन तापून राहिलं."
"तापू दे. तू काहून तापून राहिली?"

हे दुसरं वाक्य सिरीयलमध्ये कुठंच नव्हतं.

चारचौघांत मी तिले दीदीच म्हणायची. तेच तोंडात बसलं होतं. रजईखाली बी निघून जायचं. निघालं की प्रज्ञा दोन बोटांची कैची करून हवेत चालवायची.
म्हणजे दीदी कट.

पण दीदी काढली की पडद्यावर तेवढे ओठ रिकामे हलत. तिथं प्रज्ञानं "ऐक ना" बसवलं. मापात बसलं अगदी.

आमच्या क्लिपा एका बंद ग्रुपमध्ये जात. दुर्गच्या एका बाईनं लिहिलं होतं, "हमारे पारा में भी ऐसी दो दीदी हैं. आज समझी." पारा म्हणजे तिकडचा मोहल्ला. प्रज्ञानं तो मेसेज मले इतक्यांदा वाचून दाखवला की मी वैतागली.

शेवटचा एपिसोड राहिला. चांगला माईक घेऊ, मग करू, प्रज्ञा म्हणे.

मागच्या वर्षी तिले न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये सिस्टर फॉर्म घेऊन आली. "पेशेंट की कौन हैं आप?"
"बहन."

प्रज्ञाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. डोळे उघडे होते. चादरीवरची तिची दोन बोटं उचलली गेली. उघडली, मिटली. पुन्हा उघडली, मिटली.

मी पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि फॉर्म भरत बसली.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तिच्या श्रद्धांजलीले, पांढरी साडी नेसून मी माईकवर बोलली. "मोठ्या दीदीसारखी होती माझ्यासाठी." हॉलमधले लोकं रडले. मी बी रडली, पण लाजेनं. वर्षानुवर्षं डबिंगवाल्यायले शिव्या घातल्या, आणि तिच्या फोटोसमोर उभं राहून मी तेच केलं.

आज सकाळी तिच्या आईचा फोन आला.
"अर्चना, स्मृतिदिनाचा बॅनर करून राहिलो. सगळ्यायची नावं झाली. तुयं नाव कोणत्या लाईनीत टाकू?"

काकूच पुढं म्हणाल्या, "मुलीसारखी लिहू, का बहिणीसारखी? का अजून काही हाये? तू सांगशील तेच टाकतो."
मी म्हटलं, लिहून पाठवते.

काकू, हेच ते.
"सारखी" नका लिहू. आपल्या इकडच्या बाया नवऱ्याले "आमच्या घरचे" म्हणतात. प्रज्ञा माझ्या घरची होती. मी तिच्या घरची. माझं नाव त्याच लाईनीत टाका. कोणाले नाही पटलं तर मले फोन करायले सांगा.

दुपारी मी कूलर बंद केला. रजई काढली. शेवटच्या एपिसोडमध्ये यान फुटत असते, कॅप्टनले काही दिसत नसते, आणि इंजिनिअर म्हणते, "दीदी, मैं यहीं हूँ."

माईक नाही, फोनच होता. एका दमात म्हटलं. ह्या वेळी कट करायले काही नव्हतं.

ऐक ना, मी इथीच आहो.

जय भीम, प्रज्ञा.