माझ्या नावावरचे पाच स्टार

भुताखेतांशी माझं काही देणंघेणं नाही मंडळी, हे आधीच सांगून टाकतो. मी निवेदक माणूस. लग्नं, सत्कार, कुस्त्यांची मैदानं, शोकसभा... माईक हातात आला की सुटलो! आजवर कितीतरी आत्म्यांसाठी मी भरसभेत शांती मागितली, त्यातला एकही आभार मानायला परत आलेला नाही. तेव्हा पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही हसलो असतो.

स्थळ : कोल्हापूर, राजारामपुरी, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. माणसं : एक. दुसऱ्यांच्या लग्नात बोलता बोलता आपलं राहून गेलं... असो. सोबतीला कॉम्प्युटर आणि त्यावर रणगाड्यांचा ऑनलाइन गेम. फुकटचा! म्हणजे मैदानात उतरायला फुकट. मग पैसे भरलेल्याचा रणगाडा येतो आणि तुमचा पत्र्याच्या डब्यासारखा चेपून जातो. या गेमच्या मराठी खेळाडूंचा एक ग्रुप आहे. तिथं जो तो आपलं मत लिहितो, स्टार देतो. माझी मतं तिथं गाजलेली — कायम एक स्टार आणि वर शिव्यांचा पोवाडा. "माझा गोळा लागतो तिथं ठिणगी उडते, त्यांचा लागतो तिथं मी उडतो!" लोक वाट बघायचे.

तिथंच महादू भेटला. इचलकरंजीचा, यंत्रमागावर रातपाळी करणारा. दुपारी झोप झाली की हेडफोन लावून माझ्या टीममध्ये हजर. आमची एक रीत होती : मैदानात उतरलं की पहिला गोळा शत्रूवर नाही, समोरच्या मातीत. पैलवानासारखा शड्डू ठोकायचा! टीममधले परदेशी लोक इंग्रजीत आमचा उद्धार करायचे आणि आम्ही खूश. पण प्रत्यक्ष कधी भेटलो नाही, गेमपलीकडचं बोललोही नाही. मी विनोद करायचो, तो हसायचा. एवढंच.

गेल्या मे महिन्यात माझं अपेंडिक्स फुटलं. कितीतरी दिवस आयसीयूत, शुद्ध जेमतेम. आठवते ती फक्त थंडी — एसीची, हाडात शिरणारी. इकडे शेजाऱ्यांनी लावलेलं फ्लॅटला कुलूप, मेन स्विच बंद.

घरी आल्यावर आधी ग्रुप उघडला. म्हटलं, आपल्याविना हाहाकार माजला असेल. कसला हाहाकार! मी दवाखान्यात होतो त्या दिवसांतलं एक मत तिथं होतं, माझ्याच नावानं. पाच स्टार. खाली दोन वाक्यं :

"गेम काही खास नाही. पण दुपारी इथं कोणीतरी असतं."

एकानेही चेष्टा केली नव्हती.

अकाउंट हॅक झालं, दुसरं काय! मी हेडफोन चढवला. महादू होताच.

"महादू, माझ्या नावानं कोण घुसलंय रे? मी दवाखान्यात पडलो होतो."

तो खदाखदा हसला. "अण्णा, ह्यो नवा विनोद व्हय? मग रोज दुपारी माझ्यासंगट कोण हुतं? तुमचा आवाज मी वळखत न्हाय व्हय?"

"आवाज?"

"व्हय की! जरा बारीक हुता. म्या इचारलं, अण्णा, शड्डू का न्हाय ठोकला? तर म्हणलासा, आज अंगात न्हाय. आणि भर मे महिन्यात म्हणतासा, थंडी वाजतीया!"

मी हेडफोन काढला. थोड्या वेळानं पुन्हा घातला.

"आणखी काय बोललो मी?"

त्याच्या घराशेजारच्या मागांची खटखट चालू होती. त्यातून तो हळू आवाजात म्हणाला, "ते कस्टमर केअरचं सांगितलासा न्हवं... सांजच्याला काय काम नसताना फोन लावतासा. कुणीतरी 'मी आपली काय मदत करू' म्हणतंय, म्हणून."

मंडळी, हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. हॅकरला पासवर्ड सापडेल हो... हे कुठं सापडणार?

"तवाच ठरिवलं," महादू म्हणाला. "घरात पावणं असू देत न्हायतर काय बी असू दे, दुपारी अण्णांसंगट बसायचं म्हंजे बसायचं. आधी तुमी माईकवर बोलल्यागत बोलायचासा. त्या दिसांत माणसागत बोललासा बघा."

'अरे, तो मी नव्हतो' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं, तर हा उद्या येईल का? आणि आला तर कोणासाठी येईल? मी म्हटलं, "व्हय... बोललो खरा."

कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या एका ओळखीच्याला दाखवलं. तो म्हणतो, खेळ तुमच्याच मशीनवरून झालाय. वीज बंद असलेल्या मशीनवरून? त्यानं खांदे उडवले आणि चहा पिऊन गेला.

महादू अजून येतो, न चुकता. मी काहीतरी खरं बोलायचं ठरवून बसतो आणि तोंडातून विनोदच बाहेर पडतो. तो हसतो, मग जरा थांबतो. कशाची तरी वाट बघतोय असं वाटतं. माझ्या आवाजात बोलणारा तो जो कोणी होता, त्याला हे इतकं सहज कसं जमलं?